अंथरूण पाहून पाय पसरणारा संत

श्री मारुतीच्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला, तेव्हा अंदाजपत्रकापेक्षा खर्च वाढू लागल्याची चिंता समितीला पडली. सभामंडपाची फरशी नागपूरहून आणावी आणि त्यासाठी कर्ज काढावे, अशी सूचना आली. त्या बैठकीत एका वृद्ध गावकऱ्याने श्री संत गाडगेबाबांचे स्मरण करून दिले. म्हणून हा अल्प परिचय.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले. माउलीने लेकराला घेऊन दापुरे येथे माहेर गाठले. डेबूजीने तेथे गुरे राखली, शेतात घाम गाळला. पुढे मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली. कर्ज घराला कसे पोखरते, हे डेबूजीने कोवळ्या वयातच पाहिले. त्यामुळेच मुलीच्या बारशाला मटण-दारूची पंगत घालण्याची जातीची रीत त्यांनी मोडली आणि गोडाचे साधे जेवण दिले. भाऊबंद रागावले, तरी ते डगमगले नाहीत.

1905 साली त्यांनी घर सोडले. हाती खराटा, डोक्यावर मडक्याचे खापर, अंगावर चिंध्या, असा हा फकीर गावोगाव हिंडला. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनात कर्ज, दारू व नवसाच्या पशुहत्येवर कोरडे ओढावेत, असा त्यांचा नेम होता. ऋण काढून सण करू नका, बायकोला कमी दामाचे लुगडे घ्या, पण मुलांना शिकवा, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता.

पूर्णाकाठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत. बाबांनी तेथे घाट बांधून घेतला. पुढे मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी पैसा दिला, श्रमही दिले. पैशाला बाबांनी स्वतःचा हात लागू दिला नाही, तो विश्वस्तांकडे जाई. 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःची आई व पत्नी मात्र ऋणमोचनला झोपडीतच राहिल्या. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांची प्राणज्योत मालवली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. बाबांचा भर मंदिरे बांधण्यावर नव्हता. देव दगडात शोधण्यापेक्षा भुकेल्याच्या पोटी पाहा, असा त्यांचा आग्रह होता. मग मंदिराच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: देवाच्या नावावर गाव कर्जात बुडाले, तर तो जीर्णोद्धार कसला?

समितीने कर्जाची सूचना बाजूला ठेवली. गळके छत, खचलेला पाया व गाभाऱ्याची डागडुजी ही कामे आधी झाली. माती-दगड वाहण्याचे काम तरुणांनी श्रमदानाने केले. फरशी यंदा राहिली. देणगी जमेल तेव्हा ती बसेल, तोवर शेणाने सारवलेल्या जमिनीवर भजन होईल. जमाखर्चाचा तक्ता मंदिराच्या भिंतीवर लावला आहे. प्रत्येक देणगीदाराने तो अवश्य वाचावा व शंका असल्यास निःसंकोच विचारावी, ही नम्र विनंती.