ओलेग लोसेव्ह: थंड प्रकाश ओळखणारा माणूस

पेरोव्हस्काइटच्या एलईडीपासून लेसर बनवायची धडपड सध्या जगभर चालू आहे. यात अडचण नेमकी कुठे आहे हे समजून घ्यायचं तर ओलेग लोसेव्हपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

लोसेव्ह १९०३ साली रशियातल्या त्वेर शहरात जन्मला. विद्यापीठाची पदवी नसताना तो निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत कामाला लागला. तेव्हाच्या रेडिओत स्फटिकावर धातूच्या तारेचं टोक टेकवलेलं असायचं. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकात करंट सोडला की त्या टोकाशी बारीकसा उजेड दिसायचा. १९०७ मध्ये इंग्रज इंजिनिअर हेन्री राउंडने तो पाहिला होता, पण लोसेव्ह त्याच्या मागेच लागला.

हा उजेड बल्बसारखा तापल्यामुळे येतो का? त्याने चमकणाऱ्या जागेवर बेंझिनचा थेंब टाकला. थेंब झटकन उडाला नाही, सावकाश उडाला. म्हणजे जागा गरम नव्हती! हा प्रकाश खूप वेगाने चालू-बंद करता येतो हेही त्याला कळलं आणि त्यावरून त्याने 'लाइट रिले'चं पेटंट घेतलं. आज फायबर केबलमधून आपला डेटा याच कल्पनेवर धावतो.

जानेवारी १९४२ मध्ये, जर्मन वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये, लोसेव्ह उपासमारीने गेला. वय फक्त ३८. त्याचं काम बरीच वर्षं विस्मरणात गेलं. सेमीकंडक्टर लेसर आला थेट १९६२ साली.

आता पेरोव्हस्काइट. २०१४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी साध्या तापमानाला चालणारे त्याचे एलईडी दाखवले. पण एलईडीतला प्रत्येक फोटॉन आपापला निघतो. लेसरमध्ये एक फोटॉन दुसऱ्याला आपल्यासारखाच बाहेर काढतो. त्यासाठी प्रकाश मागेपुढे परतवणारी रचना लागते, आणि एलईडीपेक्षा कितीतरी दाट करंट. बाहेरून दुसऱ्या लेसरचा प्रकाश मारला तर पेरोव्हस्काइट लेसरसारखं वागतं. थेट करंटवर मात्र हे मऊ मटेरियल तापतं, त्यातले आयन सरकतात, आणि प्रकाश घटतो.

म्हणून मला लोसेव्हचा तो थेंब महत्त्वाचा वाटतो. प्रकाश मिळाला, पण जागा किती तापली? पेरोव्हस्काइट लेसरची बातमी वाचताना हा प्रश्न आधी विचारा.