रेव्हरंड टिळक : आचरणातला ख्रिस्तधर्म

आज नाताळ. प्रभू येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा मंगल दिवस महाराष्ट्रातील लहानमोठ्या ख्रिस्ती मंडळ्या भक्तिभावाने साजरा करीत आहेत. शहरांतील भव्य उपासनामंदिरांत आज घंटानाद होईल. कारंजा तालुक्यातील धनजसारख्या वऱ्हाडी गावाकडे पाहिले, तर मात्र निराळा प्रश्न मनात येतो. खेड्यात ख्रिस्ती माणसाच्या धर्माची पारख उपासनामंदिराच्या शिखरावरून होत नाही. त्याचा शेजार कसा आहे, व्यवहार कसा आहे, घरातील माणसांशी तो कसा वागतो, यावरून गाव त्याच्या धर्माची किंमत करीत असते. पवित्र शास्त्रातील शिकवण रोजच्या जीवनात कशी उतरवावी, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःलाच विचारला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचे स्मरण आजच्या दिवशी उचित ठरेल.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. घर सोडून ते नाशिकला आले आणि तेथे त्यांनी संस्कृतचा व्यासंग केला. १८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. टिळकांचा स्वभाव मुळातच अस्थिर, हात सढळ आणि मन सत्यशोधनासाठी तळमळणारे होते. एका गावी स्थिर राहणे त्यांना जमले नाही. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, ही चिंता त्यांना अखंड लागून राहिली होती.

या शोधाला निर्णायक वळण मिळाले ते विदर्भाच्या भूमीवर. नागपुरास काही काळ संस्कृत ग्रंथांचे काम केल्यावर १८९३ साली टिळक राजनांदगावकडे निघाले. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे काव्याविषयी व धर्माविषयी संभाषण झाले. त्या गृहस्थाने निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रीती करावी, दान गुप्तपणे द्यावे, दुसऱ्याचे दोष काढण्यापूर्वी आपले पाहावे, ही तेथील शिकवण त्यांच्या अंतःकरणात खोल रुजली. ज्या प्रश्नांसाठी ते वणवण फिरत होते, त्यांची उत्तरे त्यांना त्या काही पानांत गवसली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता रेव्हरंड तुकाराम नथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून व्हावा, असा टिळकांचा आग्रह होता आणि तो पाळला गेला. ख्रिस्त स्वीकारणे म्हणजे आपला देश टाकणे नव्हे, ही त्यांची भूमिका पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. या निर्णयाची किंमत मात्र जबर होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाई व चिमुकला दत्तू यांची ताटातूट झाली. त्या माउलीने दुःखाचे जे दिवस काढले, त्यांची हकीकत मराठी वाचक जाणतातच. प्रीतीचा धर्म स्वीकारणाऱ्या पुरुषाच्या हातून आपल्याच पत्नीच्या वाट्याला एवढे दुःख यावे, ही विसंगती चरित्रकाराने झाकू नये. टिळक संत होते, पण निर्दोष नव्हते.

पुढे काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. येथे टिळकांच्या धर्माची खरी कसोटी लागली. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या त्या आपले सोवळे-ओवळे बरोबर घेऊन. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांना जातिभेदाचा अत्यंत तिटकारा होता. नवऱ्याचा शब्द हाच कायदा मानला जाण्याच्या त्या काळात ते पत्नीवर सक्ती करू शकले असते. त्यांनी ती केली नाही. पत्नीच्या विवेकावर आपला हक्क नाही, हे त्यांनी मानले आणि तिचे आचार तिला पाळू दिले. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्याच विचाराने निश्चय केला, की माणसामाणसांतील हे भेद देवाने केलेले नाहीत, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वयंपाकघरातील या गोष्टीत शुभवर्तमानाचे मर्म आहे. ज्या घरात धाक असतो, तेथे शास्त्रवचने पाठ होतात, पण अंगी लागत नाहीत.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि राहुरी ही टिळकांची कर्मभूमी झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाखाली त्यांनी अध्यापन व उपदेशाचे कार्य केले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुष्काळ आणि प्लेग यांनी त्या काळी महाराष्ट्र होरपळून निघाला होता. टिळक दांपत्याच्या घरात अनाथ मुलांना आसरा मिळाला. घरात पैसा टिकत नसे, पण पानावर पाहुणा नाही असा दिवस विरळा. बालकवी ठोमरे यांच्यासारखा हिंदू तरुण कवी त्या घरात मुलासारखा राहिला. त्याने धर्म बदलावा अशी अट कोणी घातली नाही. भुकेल्याला अन्न आणि परक्याला घर देणे ही प्रभूचीच सेवा होय, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील वचन त्या घराने मोठ्या आवाजात सांगितले नसेल, परंतु पाळले.

मंडळीच्या उपासनेकडेही त्यांचे असेच लक्ष होते. मराठी ख्रिस्ती माणूस घरी ओव्या ऐकतो आणि मंदिरात मात्र परक्या चालीवरील भाषांतरित गीते गातो, हे त्यांना खटके. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या वाटेने, असे ते मानीत. म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांना मंडळीत मानाचे स्थान दिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा असून आजही ती महाराष्ट्रातील मंडळ्यांच्या ओठी आहेत. निरक्षर शेतमजुरालाही शास्त्राचा अर्थ पाठ व्हावा, अशी ही रचना आहे. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन करून त्यांनी हाच विचार गावोगावी पोहोचविला. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुरुवातीचे अध्याय त्यांनी रचले. ते कार्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक कठीण पाऊल उचलले. परदेशी मिशनच्या पगारावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, आणि मिशनरी व एतद्देशीय कार्यकर्ते यांचे नाते मालक-नोकराचे न राहता भावाभावाचे झाले पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली होती. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे ते बंधुमंडळ व्हावे, पंथभेद व जातिभेद तेथे नसावेत, अशी त्यांची कल्पना होती. प्रेषितांच्या कृत्यांत वर्णिलेल्या पहिल्या मंडळीचा आदर्श या कल्पनेशी सहज जुळतो. ही कल्पना अनेकांना रुचली नाही. शिवाय तिला आकार देण्यास त्यांना अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाला देशरीतीप्रमाणे अग्नी देण्यात आला.

टिळकांचा दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही, परंतु त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न आजही शिल्लक आहेत. ख्रिस्ती झाल्यावरही आपल्या मंडळीत जुन्या जातीची आठवण लग्न जुळविताना का निघते? पाळकाचा निर्वाह मंडळीने आपल्या मिळकतीतून करावा, की बाहेरून मदत येण्याची वाट पाहावी? दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला आपल्या घरात निःशंकपणे बसावेसे वाटते काय? आजच्या उपासनेनंतर फराळाचे ताट शेजारी पोहोचविताना प्रत्येक कुटुंबाने हे प्रश्न स्वतःशी विचारावेत. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूचा सण त्यायोगे अधिक सार्थ होईल. ख्रिस्ताला मराठी घराच्या ओसरीवर आणणाऱ्या या भक्तकवीस आजच्या मंगल दिनी विनम्र अभिवादन.