शतावधानी आणि गादीवरची वही

भिवंडीतल्या जुन्या लूमच्या एखाद्या कारखान्यात दहा मिनिटे उभे राहून पाहा. एकच कारागीर चार-सहा लूमांमध्ये फिरत असतो. एका लूमच्या धोट्यातली कांडी आत्ताच बदलली, कोपऱ्यातल्या लूमची संपत आली असेल, मधल्या लूमवर ताण्याचा धागा तुटलाय तो जोडायचा आहे. खडखडाट एवढा, की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. तरीही त्याचे हात नेमक्या वेळी नेमक्या लूमपाशी पोहोचतात. हाच माणूस पाळी संपवून घरी गेला, की रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतो. घरच्यांना वाटते, याची स्मरणशक्ती चालली.

बहुतेक वेळा तसे नसते. होऊन गेलेले आठवणे आणि करायचे ठरवलेले ऐन वेळी आठवणे, ही मेंदूची दोन निरनिराळी कामे आहेत. दुसऱ्याला शास्त्रज्ञ ‘प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी’ म्हणतात. आपण ‘करायच्या कामाची आठवण’ म्हणू. पहिल्या प्रकारची स्मृती ज्याच्यापाशी अचाट होती, अशा एका माणसाचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तो इथून जवळच, मुंबईत, जवाहिऱ्याचा व्यापार करीत असे. महात्मा गांधींचे रायचंदभाई, म्हणजेच श्रीमद् राजचंद्र.

काठियावाडात मोरबीजवळच्या ववाणिया गावी ९ नोव्हेंबर १८६७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रवजीभाई वैष्णव वळणाचे, आई देवबाई जैन घरातल्या. शाळेचा सात वर्षांचा अभ्यास या मुलाने दोन वर्षांत संपवला, असे चरित्रकार सांगतात. किशोरवयात मोरबीला त्यांनी शंकरलाल महेश्वर भट्ट या शास्त्रींचे अष्टावधान पाहिले आणि लगोलग स्वतः बारा अवधाने करून दाखवली. पुढे बोटादला हा आकडा ५२ वर गेला.

अवधान म्हणजे लक्ष. अवधानी सभेत बसतो आणि लोक त्याला आळीपाळीने कामे देतात, तीही तुकड्यातुकड्यांनी. कुणी परक्या भाषेतल्या वाक्यातला एखादा शब्द देतो, तोही क्रम उलटसुलट करून. कुणी गणित घालतो, कुणी कवितेचा विषय देतो. बुद्धिबळाचा आणि पत्त्यांचा डाव चालूच असतो. मध्येच घंटेचे ठोके पडतात, तेही मोजायचे असतात. कागद-पेन्सिल नाही. शेवटी सगळी कामे जिथल्या तिथे जोडून पुरी करायची.

२२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईत धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये राजचंद्रांनी अशी शंभर अवधाने केली. वय अवघे एकोणीस. अध्यक्षस्थानी संस्कृतचे पंडित डॉ. पीटरसन होते. सुवर्णपदक मिळाले, ‘साक्षात सरस्वती’ ही पदवी मिळाली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन प्रयोग करण्याचे सुचवले. राजचंद्रांनी नकार दिला आणि वयाच्या विशीतच अवधानाचे प्रयोग कायमचे थांबवले. आत्मशोधाच्या वाटेत ते अडसर ठरतील असे त्यांना वाटले. आपली सर्वांत गाजलेली कला विसाव्या वर्षी बाजूला ठेवणारी माणसे फार नसतात.

शतावधानाचे वर्णन वाचताना आपण पाठांतराला दाद देतो. मला त्यातले परत येणे जास्त अवघड वाटते. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे जायचे, तिसऱ्याला हात घालायचा आणि मग पहिल्याच्या सोडलेल्या जागी बिनचूक परतायचे. मात्र या खेळात एक मोठी सोय असते. ज्याची पाळी आली तो प्रश्न विचारणारा समोर येतो, घंटा वाजवायलाही माणूस असतो. आता कशाकडे वळायचे याची खूण बाहेरून मिळते. लूमवरच्या कारागिरालाही ती मिळते, संपत आलेली कांडी डोळ्यांना दिसते. रात्री साडेनऊच्या गोळीसाठी घरात घंटा वाजवणारे कुणी नसते.

मेंदूत ही दोन कामे कशी वेगळी पडतात, हे लंडनच्या टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये दाखवले. त्यांच्या तीन रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला, कपाळामागे, इजा झाली होती. बुद्धीच्या चाचण्यांत ते ठीक होते. पण बाजारात जाऊन चार-सहा किरकोळ कामे उरकायला सांगितली, की घोटाळा होई. काय करायचे ते माहीत असूनही त्यातली कामे राहून जात. कपाळामागचा हा भाग ठरवलेले काम मनाच्या कोपऱ्यात जागे ठेवतो. कामाचा तपशील साठवण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा मोठा असतो. दिसणाऱ्या खुणेला बांधलेले काम सहज आठवते, नुसत्या घड्याळाच्या वेळेला बांधलेले निसटते, कारण तिथे आपल्यालाच मधूनमधून वेळ तपासावी लागते. फोनचा अलार्म मदत करतो खरा, पण हातातले काम सोडायचे नसते म्हणून तो बंद करून मी गोळी विसरलेलो आहे.

राजचंद्र मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार झाले. जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांना प्रथम भेटले. शतावधानी अशी ओळख करून दिल्यावर गांधीजींनी स्वतःला येत असलेल्या युरोपीय भाषांतले शब्द एकामागून एक सांगितले आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. गांधीजींना याचे कौतुक वाटले, पण मोहून टाकले ते दुसऱ्याच गोष्टीने. आत्मकथेत त्यांनी ते लिहून ठेवले आहे. हिरे-मोत्यांचे लाखोंचे व्यवहार करणाऱ्या या माणसाच्या गादीवर एखादे धर्मपुस्तक आणि रोजची वही हटकून असे. सौदा संपला, की लगेच पुस्तक किंवा वही उघडली जाई.

शंभर धागे मनात सांभाळणारा माणूस वही हाताशी ठेवतो. तिच्यात कामांची यादी नसे, चिंतन असे. पण त्यांना ज्या कामाकडे परतायचे होते ते चिंतनच होते, आणि परतायची वेळही ठरलेली होती: गिऱ्हाईक उठले की. घड्याळ बघायची गरज नाही. सभेतला घंटावाला त्यांनी जणू गादीवर आणून बसवला. आजचे मानसशास्त्रज्ञ अमुक घडले की तमुक करायचे, असा संकल्प करायला सांगतात, तो हाच. रक्तदाबाची गोळी नऊ वाजता न ठरवता सकाळच्या चहाला बांधा आणि डबी कपाशेजारी ठेवा. फक्त ती वेळ चालेल ना, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. वारांच्या खणांची डबी घेतली तर आज घेतली की नाही हा घोळही मिटतो. संशय आला म्हणून दुसरी गोळी घेऊ नका. आठवण करून दिल्यावर ‘अरे हो’ म्हणणाऱ्या माणसाची फार काळजी नको. आपण असे काही ठरवलेच नव्हते असे जो वारंवार म्हणतो, किंवा रोजची वाट चुकतो, त्याला डॉक्टरांकडे न्या.

शेवटच्या वर्षांत राजचंद्रांनी व्यापारातून अंग काढून घेतले. प्रकृती खालावत गेली आणि ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोटला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या हातच्या तीन वह्या मागे राहिल्या. गुजरातीत ‘हाथनोंध’ या नावाने त्या पुढे छापल्या गेल्या.