गागोद्याचे विनोबा: दान मिळाले, हक्क राहिला

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. आंबेडकरी चळवळीत त्यांचे नाव फारसे निघत नाही. तरीही त्यांचे जीवन आपण समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण ज्या प्रश्नाने त्यांना देशभर चालायला लावले, तो प्रश्न आपल्याच माणसांनी विचारला होता.

बालपण गागोद्यात गेले, पुढचे शिक्षण बडोद्यात झाले. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड झाली. धम्मपदाचाही त्यांनी अभ्यास केला आणि त्यातील गाथांची विषयवार मांडणी केली.

एप्रिल १९५१ मध्ये ते तेलंगणात होते. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली तिथे जमीनदारांविरुद्ध सशस्त्र लढा चालू होता. पोचमपल्लीच्या ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने १०० एकर देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. त्यानंतर विनोबा तेरा वर्षे गावोगाव पायी फिरले. उद्दिष्ट होते पाच कोटी एकरांचे. मिळाली ४० लाख एकरांहून काहीशी अधिक.

विनोबांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. दोष मार्गात होता. कोणती जमीन द्यायची हे देणाराच ठरवणार म्हटल्यावर खडकाळ, पडीक आणि कज्ज्यातली जमीनही दानात आली. बरीच तर वाटलीच गेली नाही. ज्यांना मिळाली, त्यांच्यापैकी अनेकांकडे बैल, बियाणे, भांडवल नव्हते. जमीनदाराला पुण्य आणि प्रतिष्ठा मिळाली, गावातली त्याची सत्ता मात्र तशीच राहिली.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुलाबा जिल्ह्यातील कुळेही त्याच खोतीखाली भरडली जात होती. १९४७ मध्ये त्यांनी राज्य समाजवादाची योजना मांडली. शेती हा सरकारी उद्योग व्हावा, गावाने ती सामुदायिकपणे कसावी, पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे यांचा पैसा सरकारने पुरवावा आणि कसणाऱ्यांना उत्पन्नात वाटा मिळावा, अशी ती योजना होती. सत्ताधारी बदलले तरी हे मोडू नये म्हणून ते घटनेतच लिहावे आणि सोबत संसदीय लोकशाहीही राहावी, असा त्यांचा आग्रह होता. समाजवादाच्या नावाखाली नवे मालक तयार होऊ शकतात, हा धोका त्यांनी ओळखला होता.

त्याच योजनेत विमाही सरकारच्या मालकीचा करण्याची सूचना होती. ती काही अंशी प्रत्यक्षात आली. पेणशेजारच्या रोह्यात बालपण गेलेले, १९५२ मध्ये कुलाब्यातून निवडून आलेले सी. डी. देशमुख अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. तिथे कंपन्यांच्या मालकांचे मन वळेपर्यंत कोणी थांबले नाही. शेतीत कूळ कायदा झाला, पण तो प्रामुख्याने कुळांसाठी होता. ज्याच्याकडे कुळाचाही हक्क नव्हता, त्या शेतमजुराच्या वाट्याला दान आले. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले.

आणीबाणीत सत्ताधाऱ्यांनी विनोबांच्या नावाचा आधार घेतला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार आश्रमात त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

धम्मात दानाला मोठे स्थान आहे. दानाने देणाऱ्याची तृष्णा कमी होते, आणि विनोबांनी ती शिकवण हजारो लोकांपर्यंत नेली. पण घेणाऱ्याचे पोट देणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहू नये, यासाठी कायदा लागतो. आज पेण-रोह्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांना त्या भावातून काय मिळणार, हे आपल्या लोकप्रतिनिधींना आपणच विचारायला हवे.