काळ्या मातीचे अंतरंग आणि ब्रॅग

वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात आणि मृगाच्या पावसात तीच माती फुगून भेगा मिटतात, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. या फुगण्याने घरांच्या भिंती तडकतात, हेही आपण पाहतो. परंतु पाणी मातीच्या कणात नेमके कोठे शिरते, याचे उत्तर ज्या साधनाने मिळाले त्याचा पाया एका बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने घातला, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांचा जन्म ३१ मार्च १८९० रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. स्फटिकातील अणूंचे थर क्ष-किरणांना आरशाप्रमाणे परावर्तित करतात आणि परावर्तनाच्या कोनावरून थरांमधील अंतर काढता येते, हे सूत्र त्यांनी १९१२ साली केंब्रिज येथे मांडले. १९१५ साली वडिलांसमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेत कामी आला होता. पिता नामवंत प्राध्यापक. त्यामुळे पुत्राचे श्रेयही पुष्कळदा पित्याच्याच नावे जमा होई. हे शल्य उरी बाळगून त्यांनी पुढे मँचेस्टर येथे सिलिकेट खनिजांच्या रचनेचा छडा लावला.

याच मार्गाने १९३० साली पॉलिंग यांनी अभ्रकाची थरयुक्त रचना उलगडली. १९३३ साली जर्मनीत हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माँटमोरिलोनाइट या मृत्तिका-खनिजाचे थर पाणी शिरताच एकमेकांपासून दूर सरकतात, हे दाखविले. कोरडेपणी या थरांचे अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉम असते. पाण्याच्या रेणूंचा एक थर शिरताच ते साडेबाराच्या आणि दुसरा शिरताच पंधराच्या आसपास जाते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग! आपल्या काळ्या मातीत याच गटातील खनिजे विपुल आहेत.

१ जुलै १९७१ रोजी ब्रॅग निवर्तले. १९१२ साली त्यांना या सूत्राचा उपयोग कोणी विचारला असता, तर शेत वा इमारतीचा पाया त्यांना खचितच सांगता आला नसता. संशोधनावरील प्रत्येक रुपयाचा परतावा त्याच अर्थसंकल्पीय वर्षात मागणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. खर्च-लाभाचा हिशेब शिकविणे हा माझा व्यवसायच आहे. परंतु बियाण्याची किंमत धान्याच्या भावाने करणारा हिशेब चोख असूनही चुकतो.