शस्त्र ठेवून बियाणे हाती घेणारे प्राध्यापक

जिंतूर : पेरणीच्या दिवसांत येथील कोरडवाहू शिवारांसाठी प्रार्थना करताना आम्ही डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो.

वर्ध्यात जन्मलेले खानखोजे स्वातंत्र्याच्या ध्यासाने अमेरिकेस गेले. कृषिशास्त्राचे शिक्षण घेत असताना ते गदर चळवळीशी जोडले गेले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते ब्रिटिशांविरुद्ध लढले, जखमी झाले, बंदिवासही त्यांनी भोगला. मायदेशाची दारे बंद झाल्यावर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक या नात्याने त्यांनी मका व गव्हाच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकर मोडून वाटताना रंगविले आहे.

ज्या भूमीसाठी ते लढले, ती त्यांना सुमारे चार दशके अंतरली. तरी परक्या देशातील भुकेल्यांना त्यांनी आपले मानले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात निवर्तले.

शस्त्रांचे फाळ होण्याचे यशया संदेष्ट्याचे स्वप्न अशा जीवनांतून साकारते. रोजची भाकर मागताना ती पिकविणाऱ्यांचे ऋण आपण विसरू नये.