दामाजीपंत आणि आमचे पेव

शिरूर अनंतपाळला आमच्या वाड्यासमोर, मोकळ्या जागेत, दोन पेवे होती. परक्या माणसाला ती शोधूनही सापडली नसती. पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर रांजणासारखा खोल खड्डा आणि माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड. आतून शेणामातीने लिंपून, जाळ करून भिंती सुकवायच्या, कडब्याचे अस्तर लावायचे, ज्वारी भरायची आणि वर फरशी व माती टाकून जागा सारखी करायची. लूटमारीच्या काळात घरे जगली ती या लपवणुकीवर. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग आज आपण कशालाही लावतो. पेव पाहिलेली माणसे मात्र थोडीच उरली.

१९७२ च्या दुष्काळात गावच्या देवळात दामाजीपंतांचे आख्यान लागले होते. आजोबांच्या मांडीवर बसून मी ते ऐकले.

पंत पंधराव्या शतकातले, मंगळवेढ्याचे अंमलदार. बहामनी राज्याची गादी तेव्हा बीदरला होती. बीदर आम्हाला परके नाही. आमचा मुलूख १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. दुष्काळाने माणसे दारात येऊन पडू लागली, तेव्हा पंतांनी बादशहाची धान्यकोठारे गोरगरिबांना खुली केली. कथेत कोठारे म्हणतात, पण त्या ज्वारीच्या मुलखात धान्य जमिनीखालीच असणार, असे मला वाटते. कुणीतरी बीदरला चुगली केली आणि पंतांना पकडून नेण्यात आले. ते वाटेत पंढरपुरी थांबले असताना विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, बादशहाकडे जाऊन धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली. महिपतींनी ‘भक्तविजया’त हे सांगितले आहे. पुढे पंतांनी चाकरी सोडली. मंगळवेढ्यात त्यांचे मंदिर आहे.

लोक चमत्कारात रमतात. माझे मन मात्र त्याच्या आदल्या रात्रीपाशी अडते. ते धान्य पंतांचे नव्हते. परवानगीवाचून वाटणे हा गुन्हाच, आणि विठू येणार हे त्यांना कुठे ठाऊक होते? घरात बायकामुले असताना त्यांनी किल्ली काढली.

आख्यानानंतर आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. एक पेव आम्ही खाऊन संपवले होते; दुसऱ्यात पुढच्या सालाचा आधार होता. गावातली माणसे खडी फोडायला जात, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खात. तिसऱ्या दिवशी आजोबांनी पहार घेतली. आजी म्हणाली, पोरांचा विचार करा. त्यांनी उत्तर दिले नाही.

फरशी सरकवून पेव दिवसभर उघडे ठेवले, कारण कोंडलेल्या हवेने माणूस जातो. संध्याकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, तेव्हा जळत राहिला, आणि मगच गडी उतरला. खालून पाट्या भरून येऊ लागल्या तेव्हा वाड्यापुढे रांग लागली होती. आजी मापाशी बसली होती. पहिला आदमुसा तिनेच ओतला.

पेवातल्या ज्वारीला एक कुबट वास असतो. त्या वर्षी गावातल्या कितीतरी चुलींवर तो येत होता.